दोरीवरची साडी आणि इतर खेळाडू

यवतमाळात साठी ओलांडलेल्या माणसाला व्यायाम टाळायला कारणं शोधावी लागत नाहीत. ती ऋतुमानाप्रमाणे घरपोच येतात. उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाच ऊन टाळूवर बसतं आणि पारा ४५च्या दिशेने निघतो. अशा वेळी फिरायला निघालेल्या माणसाचं कोणी कौतुक करत नाही, 'बुढा बह्याडला का काय?' म्हणून विचारतात. पावसाळ्यात काळी माती चप्पल ठेवून घेते आणि नुसता पाय परत देते. हिवाळ्यात थंडी छातीत बसते. राहता राहिला नवरात्राचा सुमार, तर आमचा दुर्गोत्सव पाहायला बाहेरगावचे लोक गाड्या करून येतात. तेव्हा घरच्याच माणसाने देखावे सोडून जोर काढत बसणं बरं दिसत नाही.

एवढा पक्का बंदोबस्त असूनही डॉक्टर मानेनात. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हातात घड्याळ घेतलं आणि म्हणाले, "उठा, तीन मीटर चालत जा, वळा, परत या, बसा." एवढीच परीक्षा. १९९१ साली पॉडसियाडलो आणि रिचर्डसन नावाच्या दोघींनी ती छापली, आणि १२ सेकंदांच्या वर गेलात की तुमचं नाव पडणाऱ्यांच्या यादीत, असं अमेरिकेचं आरोग्य खातं मानतं. मी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, 'अरे देवा' म्हणालो, उठलो, चाललो. वळताना बाकड्यावर एक ओळखीचे गृहस्थ दिसले. त्यांना न विचारता पुढे जाणं माणुसकीला धरून नव्हतं म्हणून विचारलं, "काय हो, शकुंतला पुन्हा सुरू होणार म्हणतात, खरं का?" त्यांनी रेल्वेबद्दलचं आपलं मत सविस्तर सांगितलं. मग परत येऊन बसलो.

"किती झाले?"

"सेकंदांत सांगू का मिनिटांत?" डॉक्टर म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "पडू मात्र नका."

"डॉक्टरसाहेब, ठरवून तर आजवर कधीच पडलो नाही."

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगून ठेवलं आहे की पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून निदान ३ दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, शिवाय १५० ते ३०० मिनिटं अंग हलवावं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून दिलं. मी कागद फ्रिजवर चिकटवला आणि नेमाने रोज वाचू लागलो. वाचनाची मिनिटं त्यात धरायची का, एवढंच विचारायचं राहिलं.

ही बातमी पुण्याला पोचवण्याचं काम आमच्या हिने केलं. पोळ्याला मुलगा आला तो एक खोकं घेऊन. तो आठवीत असताना त्याचा व्हिडिओ गेम मी कपाटात घालून कुलूप लावलं होतं. तोच मुलगा आता कमरेवर हात ठेवून मला म्हणाला, "बाबा, रोज अर्धा तास गेम खेळायचा. टाळाटाळ चालणार नाही." आवाज हुबेहूब माझा होता.

खोक्यात कोणाकडून तरी वापरून झालेले तीन जिन्नस निघाले, एक पाट, एक कॅमेरा आणि एक रिमोट. मुलगा पाटाला काहीतरी इंग्रजी म्हणाला, पण आमच्या घरी त्याच आकाराच्या वस्तूवर पिढ्यानपिढ्या जेवायला बसतात, त्यामुळे तो पाटच. "पाटावर पाय देते का कोणी?" म्हणून हिने आधी त्याला हळदीकुंकू लावलं आणि मगच मला चढू दिलं.

या पाटाची जन्मकथा मात्र मला आवडली. जपानच्या निन्टेंडो कंपनीने २००६ मध्ये 'वी' नावाचं यंत्र काढलं. त्यात बोटांनी बटणं दाबण्याऐवजी रिमोट हातात धरून खरोखर हात फिरवावा लागतो. वर्षभराने 'वी फिट' आलं, पाटासकट. ते डोक्यातून काढणारे शिगेरू मियामोतो. सुमो पैलवान एका काट्यावर मावत नाहीत म्हणून दोन काट्यांवर एकेक पाय ठेवून वजन करतात, त्यावरून त्यांना पाट सुचला म्हणे. पाटाच्या चार कोपऱ्यांत चार काटे असतात. तुम्ही कुठे झुकता, कोणत्या पायावर भार देता, हे ते आपसांत ठरवतात आणि तुम्हाला सुनावतात. आमच्याकडचा पाट कोणत्या कंपनीचा ते मी सांगत नाही. त्याने माझ्याबद्दल जे शब्द काढले त्यावरून उगाच कोर्टकचेरी नको.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगितलं पाहिजे. मी कापसाचा ग्रेडर होतो. १९७२ साली कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी मी चिकटलो. काम सोपं होतं. गाडीतला कापूस उचलायचा, चिमटीत रुई धरून ओढायची, धाग्याची लांबी बघायची, आणि गाडीच्या धुरीवर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता ग्रेड लिहायची. "साहेब, हा कवडी कसा काय? पांढरा दूध माल हाये!" असं तो म्हणायचा, तेव्हा मी पुढच्या गाडीकडे गेलेलो असायचो.

तर मी पाटावर उभा राहिलो. पाटाने मला एका पायावर उभं केलं, डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं, थोडा वेळ विचार केला आणि टीव्हीवर निकाल लावला: शरीराचं वय ८१. माझं खरं वय ६८.

"अरे, हे चुकलं," मी म्हणालो. "पुन्हा बघायला सांग."

"बाबा, ते माणसाचं ऐकत नाही."

"मोसम पाहिला पाहिजे. दमट हवेत मालाचं वजन वेगळं भरतं. आणि मी आत्ताच जेवलोय."

पाट पुढच्या गाडीकडे गेला होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालावर शेरे मारल्यानंतर आपल्याच बैठकीत, बायकोपोरासमोर, आपली रवानगी फरदडीत झालेली बघणं सोपं नाही. हिने मात्र दुसऱ्या दिवशी दळण टाकायला जाताना गल्लीत सगळ्यांना सांगितलं, "आमच्या घरी एक यंत्र आलं बाई, फार खरं बोलते."

कॅमेऱ्याचं प्रकरण याहून अवघड. त्याच्यासमोर सहा-आठ फूट मोकळी जागा लागते. यवतमाळातल्या बैठकीत इतकी मोकळी जागा दिसली तर त्या घरी लग्न असतं किंवा मयत. आमच्याकडे दिवाण, शोकेस, शिलाई मशीन आणि कूलर. पावसाळ्यात कूलरला जुनी चादर पांघरून कोपऱ्यात उभं करतात आणि तो पुढच्या मार्चपर्यंत तिथून हलत नाही. दिवाण आणि कूलर सरकवताना माझा आणि मुलाचा जो व्यायाम झाला त्यावर खरं तर महिनाभर भागलं असतं.

हा कॅमेरा माणसाच्या हाडांचा सांगाडा मनातल्या मनात काढतो आणि त्या सांगाड्याला टीव्हीत नाचवतो. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये 'किनेक्ट' काढला तेव्हापासून ही जात माहीत झाली. खेळ असा: वरून फळं पडतात, आपण हात उंचावून ती झेलायची. मी झेलू लागलो. पहिल्या आंब्याला भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. दुसऱ्याला मुलाच्या चष्म्याची काडी गेली. तेवढ्यात टीव्हीवर जाहीर झालं की दुसरा खेळाडू मैदानात उतरला आहे.

मी इकडेतिकडे बघितलं. कॅमेऱ्यासमोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. पावसामुळे आतल्या दोरीवर हिची एक साडी वाळत होती आणि पंखा सुरू होता. कॅमेऱ्याने त्या साडीचा सांगाडा काढला होता. साडी डावीकडे झुलायची, टरबूज झेलायची. उजवीकडे झुलायची, पेरू झेलायची. डाव संपला तेव्हा साडी माझ्या बरीच पुढे होती.

"पाहा," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझी वाळत टाकलेली साडीही तुमच्यापेक्षा जास्त हलते."

मी पंखा बंद करून पुन्हा खेळलो. तरी साडीच जिंकली असती, पण लाइट गेली.

रिमोटच्या टेनिसचं फार लांबवत नाही. एवढंच सांगतो की रिमोटला मनगटात अडकवायची दोरी असते, आणि ती अडकवायची असते. २००६च्या डिसेंबरात जगभर लोकांच्या हातून रिमोट सुटून टीव्ही फुटू लागले, तेव्हा निन्टेंडोने ३२ लाख दोऱ्या बदलून जाड करून दिल्या. माझा रिमोट टीव्हीकडे गेला नाही. तो उलट्या दिशेने स्वयंपाकघरात गेला आणि वरणाच्या गंजात पडला. त्यानंतर आमच्या घरी टेनिस हा विषय निघत नाही.

खांदा मात्र धरला. हात वर जाईना. मुलाने फोनवर शोधून सांगितलं की हा मान्यताप्राप्त रोग आहे. २००७ साली हुलिओ बोनिस नावाच्या स्पेनमधल्या २९ वर्षांच्या डॉक्टरला सुट्टीत टेनिस खेळून असाच खांदा धरला. त्याने त्या दुखण्याला 'वीआयटिस' असं नाव दिलं आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आणलं. उपचार: आठवडाभर आयबुप्रोफेन आणि खेळाला पूर्ण सुट्टी. मला एकदम बरं वाटलं. एवढ्या मोठ्या जर्नलमधला आजार आमच्या गल्लीत आजवर कोणालाच झाला नव्हता. मी तो सगळ्यांना सांगत सुटलो. ही म्हणाली, "ते न्यू इंग्लंडचं ठेवा बाजूला, आधी निरगुडीचा पाला बांधा."

याच सुमारास शेजारच्या आजी यंत्र बघायला आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आधी आमच्या हिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं, पण गोल साडीत त्याला पाय सापडेनात, आणि तिचा सांगाडा कमरेपाशी संपला. माझ्या लुंगीचीही तीच कथा झाली होती. आजी उभ्या राहिल्या आणि कॅमेऱ्याने एका क्षणात दोन पाय स्वच्छ वेगळे काढले. कासोटा! कॅमेरा बनवणाऱ्या इंजिनिअरांनी नऊवारीचा विचार केला असेल असं वाटत नाही, पण नऊवारीने मात्र त्यांची सोय आधीच करून ठेवली होती.

फळं पडू लागली आणि आजींनी पदर खोचला. पुढे जे झालं ते बघून मुलाने फोन काढून शूटिंग केलं. आजींनी जन्मभर कापूस वेचला आहे. दोन्ही हात स्वतंत्र चालतात, नजर पुढच्या बोंडावर असते, कंबर वाकलेली. एकही फळ जमिनीला लागलं नाही. आंबा इकडे, संत्रं तिकडे, आणि मधल्या मोकळ्या वेळात त्यांनी हिला पापडाचं प्रमाणही सांगितलं. यंत्राकडचे आकडे संपायची वेळ आली.

"जितल्या तुम्ही, आजी!"

"जितली तं काय भेटते?"

"पॉइंट भेटतात."

"पॉइंट कोण्या दुकानात चालते?" त्यांनी विचारलं आणि कपाळ पुसून माझ्याकडे निरखून पाहिलं. "काऊन हो, तुम्ही ग्रेडर होते ना? माह्या मालकाचा कापूस तुम्हीच कवडीत टाकला होता. सकाळपासून गाडी उभी होती आमची."

मी हिला चहा टाकायला सांगितलं. मोठ्याने.

गावात गोष्ट लपत नाही. आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्षांनी ठराव केला की यंत्र मंडळाच्या खोलीत आणावं, म्हणजे सर्वांना लाभ होईल. ही लगेच कबूल झाली. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत 'वी' आल्यावर बोलिंगचं वेड पसरून संघ पडले, सामने झाले, असं मी त्या सभेत सांगितलं. हे सांगायला नको होतं. पुढच्या पाच मिनिटांत दारव्हा रोड आणि आर्णी रोड असे दोन तट झाले. एरवी या मंडळात सहलीला कुठे जायचं हे ठरायला वर्ष जातं आणि शेवटी कळंबच्या चिंतामणीला जाऊन येतात.

विरोध फक्त पीटीच्या सरांचा. सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आलेले. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने जर्मनांना कबड्डी करून दाखवली होती, आणि सर ते अशा रीतीने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं हे स्वतः चढाईला होते. "कबड्डीले दम लागते," ते म्हणाले, "याले सेल लागते. हा काय खेळ हाये?" आणि निघून गेले. दोन दिवसांनी दुपारच्या वेळी मी खोली उघडली तर सर एकटे पाटावर एका पायावर उभे होते. मला बघून म्हणाले, "पाट सरळ आहे का ते तपासून राहिलो."

सामने सुरू झाले तशा माणसांतल्या कला बाहेर आल्या. निवृत्त तलाठीसाहेबांनी पहिल्याच दिवशी शोधून काढलं की बोलिंगला उभं राहण्याची गरजच नाही. खुर्चीत रेलून रिमोटला नुसता मनगटाचा झटका दिला तरी चेंडू जातो आणि सगळ्या बाटल्या पडतात. तलाठीसाहेबांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागत, त्यामुळे हा शोध त्यांनीच लावावा हे योग्य होतं. एका कंडक्टरसाहेबांनी आपल्या नावावर नातवाला खेळवलं. पंचांनी हरकत घेतली तर म्हणाले, "पास ट्रान्सफर होते." बँकेतले एक गृहस्थ आपले पॉइंट रोज पासबुकासारख्या वहीत उतरवून घेत आणि महिनाअखेर व्याज कसं नाही याची चौकशी करत. पाटावर चढताना किल्ल्या, चष्मा, मोबाइल, बनियनच्या खिशातला अडकित्ता काढून ठेवायचा की नाही, यावर दोन सभा झाल्या.

सावंगी मेघेला फिजिओथेरपी शिकणारी माझी भाची मध्ये एकदा येऊन गेली. हा सगळा गोंधळ बघून ती न हसता म्हणाली, "मामा, चांगलं चाललंय." तिच्याकडून कळलं की मेलबर्नच्या संशोधकांनी २०१० मध्ये असाच पाट प्रयोगशाळेतल्या महागड्या फलाटाशी ताडून पाहिला, आणि तोल मोजण्यात तो जवळजवळ बरोबरीला उतरला. म्हणजे माझ्या ८१ला आता अपीलही उरलं नाही. तिने असंही सांगितलं की २०१९ मध्ये १०८ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांचं पडणं २३ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. तो व्यायाम टीव्हीसमोरच करायला हवा असं मुळीच नाही. उठाबशा, एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं यांनीही तेच होतं.

"मग हे यंत्र कशाला?" मी विचारलं.

"मी तुम्हाला टाचा उचलायला सांगितल्या असत्या तर उचलल्या असत्या?"

"कागद फ्रिजवर लावला असता."

"तेच तर." मग ती तलाठीसाहेबांकडे वळली. "आजोबा, खुर्चीत बसून खेळलेलं धरत नाहीत बरं. मनगटाचा तोल जाऊन कोणी पडत नाही."

त्या दिवशी नियम झाला: उभ्यानेच खेळायचं. तलाठीसाहेबांनी लेखी विरोध नोंदवला, दोन माणसांच्या मदतीने उठले, आणि पंधरा दिवसांत एका माणसाच्या मदतीवर आले. कारण समोर पीटीचे सर होते, आणि सरांशी त्यांचा एका प्लॉटच्या हद्दीवरून जुना वाद आहे. सर पाटावर जितकं थांबत त्याच्याहून दोन सेकंद जास्त थांबायचं, एवढंच त्यांचं ध्येय. घरी सून सांगे, "बाबा रात्री ओट्याला धरून एका पायावर उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, दूध उतू जाईल म्हणून पाहून राहिलो."

अंतिम सामना दारव्हा रोडच्या सरांचा आणि आर्णी रोडच्या तलाठीसाहेबांचा झाला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांचा डाव झाला. तलाठीसाहेबांनी काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या, पाटाला नमस्कार केला आणि खेळायला लागले. बाटल्या पडत होत्या, आर्णी रोड ओरडत होता, तलाठीसाहेब ४ पॉइंटने पुढे होते. शेवटचा चेंडू हातातून सुटला आणि लाइट गेली.

अर्ध्या तासाने लाइट आली तेव्हा यंत्राला काहीही आठवत नव्हतं. पाटी कोरी.

"पुन्हा खेळा," सर म्हणाले. "शून्यापासून."

"शून्यापासून कायले? मी पुढे होतो!"

"पुरावा दाखवा."

तलाठीसाहेबांच्या आयुष्यात हा शब्द त्यांना उद्देशून कोणी वापरला नव्हता. ते वापरत आले होते. "पंचनामा करा," ते गरजले. "लाइट गेली तेव्हाची स्थिती लिहा. पंच दोन घ्या, सह्या घ्या." अध्यक्षांनी रजिस्टर उघडलं. मजकूर झाला, पण सही करायला कोणी पुढे येईना. आर्णी रोडवाले सह्या करायला तयार होते, पण ते हितसंबंधी ठरत होते, आणि हा आक्षेप कायद्याने बरोबर असल्याचं खुद्द तलाठीसाहेबांनाच मान्य करावं लागलं. दारव्हा रोडवाले म्हणाले, अंधारात आम्हाला काय दिसणार? आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माही सही कापसाच्या पावतीवर घेतली होती एकदा. तेव्हापासून मी सही करत नाई." आणि माझ्याकडे बघितलं.

तलाठीसाहेब एवढा वेळ खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ते ताडकन उठले. कोणाला हाक मारली नाही, कशाला धरलं नाही. गर्दीतून आडवे-तिडवे होत दारापर्यंत गेले, उंबरठा ओलांडला, कठडा नसलेल्या तीन पायऱ्या उतरले आणि शिव्या देत आर्णी रोडच्या दिशेने दिसेनासे झाले. पंचनाम्यात हे कोणी लिहिलं नाही. फक्त सर म्हणाले, "पाह्यलं का? किती सेकंदांत गेला!" आणि थोडे चिंताक्रांत दिसले.

काठी भिंतीलाच टेकलेली राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठीसाहेब ती न्यायला आले तेव्हा सर आधीच पाटावर होते.

"काठी कायले पाह्यजे तुमले?" सर एका पायावरूनच म्हणाले. "काल तं बिनकाठीचे पळत गेले."

"चालण्यासाठी थोडी हाये ती," तलाठीसाहेब काठी उचलत म्हणाले. "गल्लीतल्या कुत्र्यायसाठी हाये. उतरा खाली, माहा नंबर आला."